पैशानं पाळणा हलत नाही

वडूजच्या एसटी स्टँडवर, तहसील कचेरीच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत हल्ली दोन मतं हमखास कानावर पडतात. पहिलं असं : "सरकार फुकट वाटतंय, म्हणून लोक पोरं जन्माला घालतात." दुसरं त्याच्या अगदी उलट : "वस्तीवरच्या शाळा ओस पडल्या. सरकारनं तिसऱ्या लेकराला घसघशीत पैसे द्यावेत, म्हणजे घरं पुन्हा भरतील." ही दोन्ही मतं मांडणारी माणसं एकमेकांना विरोधक समजतात. पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे : नवरा-बायको सरकारी रक्कम मोजतात आणि मग मूल होऊ द्यायचं की नाही ते ठरवतात. हे गृहीतक चुकीचं आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या योजनांची आणि अटींची किंमत आज आपल्या खटाव तालुक्यातली बाळंतीण आणि तिचं लेकरू मोजत आहे. म्हणून दोन्ही मतांना इथं उत्तर देतो.

आधी पहिलं मत घेऊ. सरकार मुलांसाठी पैसे वाटतं, ते नेमके किती आणि कोणत्या अटींवर? महाराष्ट्रातली आजची सगळ्यात मोठी योजना म्हणजे 'लेक लाडकी'. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलींसाठी ती आहे. जन्मानंतर 5 हजार, पहिलीत गेल्यावर 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर 75 हजार, असे एकूण 1 लाख 1 हजार रुपये. आकडा मोठा वाटतो. पण त्यातले 75 हजार मुलगी सज्ञान झाल्यावर मिळतात. ती लहान असताना, वाढत असताना, शिकत असताना हाती येणारी रक्कम 26 हजार. अठरा वर्षांवर ती पसरा : महिन्याला 120 रुपये, दिवसाला चार. दिवसाच्या चार रुपयांसाठी कुठली बाई नऊ महिने पोटात लेकरू वाढवते? खटाव-माणच्या कोरडवाहू रानात राबणाऱ्या माणसाला हिशेब कळत नाही असं समजणारा त्या माणसाला ओळखत नाही. ज्वारीचं पीक हाताला लागेल की नाही याचा अंदाज आकाशाकडं बघून बांधणारा शेतकरी चार रुपयांवर घराचा निर्णय सोडत नाही.

त्याहून महत्त्वाची आहे योजनेची अट. 'लेक लाडकी'चे पुढचे हप्ते हवे असतील, तर दुसऱ्या बाळंतपणानंतर आईनं किंवा बापानं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचा दाखला द्यावा लागतो. तिच्या आधीची, 2016 ची 'माझी कन्या भाग्यश्री' पाहा. 2017 च्या सुधारणेनंतर एका मुलीनंतर शस्त्रक्रिया केली तर 50 हजार, दोन मुलींनंतर केली तर प्रत्येकीच्या नावावर 25 हजार. केंद्राची 'मातृवंदना' 2017 पासून पहिल्या बाळंतपणाला 5 हजार देते. 2022 पासून दुसऱ्या बाळंतपणाला 6 हजार मिळतात, तेही मुलगी झाली तरच. 2001 पासून तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार त्याला सरकारी नोकरीही मिळत नाही. म्हणजे सरकार जास्त मुलांसाठी पैसे वाटतं हा आरोप कागदावरच खोटा ठरतो. महाराष्ट्रातली जवळपास प्रत्येक सरकारी रक्कम गेली पंचवीस वर्षं मुलं थांबवण्याच्या अटीवर दिली गेली आहे.

आणि मुलं थांबलीही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे 1992-93 मध्ये, महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी 2.9 मुलं होत होती. 2005-06 मध्ये ती 2.1 वर आली आणि 2019-21 च्या पाचव्या फेरीत 1.7 वर. पिढी जागच्या जागी टिकायला साधारण 2.1 लागतात, त्याच्या खाली आपण केव्हाच गेलो. सातारा जिल्हा तर राज्याच्याही पुढं होता. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली, साताऱ्याची सात टक्क्यांच्या आत. त्यात मुंबईला माथाडी म्हणून गेलेले आणि गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले लोक आहेत हे खरं. पण घराघरांतली पोरं कमी झाली हेही तितकंच खरं. ज्यांना "लोक पोरं काढत सुटलेत" असं वाटतं, त्यांनी आपल्याच भावकीतल्या तीन पिढ्या मोजाव्यात.

इथं एक प्रामाणिक हरकत निघू शकते. पैशांनी मुलं वाढली नाहीत हे मान्य. पण मग ती कमी तरी पैशांनीच झाली ना, शस्त्रक्रियेच्या अटीनं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. तो प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला आहे.

2007 मध्ये सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं नवविवाहितांसाठी एक योजना आणली. लग्नानंतर दोन वर्षं पहिलं मूल लांबवणाऱ्या जोडप्याला 5 हजार रुपये, तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार. ती 'दुसरा मधुचंद्र' या नावानं ओळखली गेली आणि परदेशी पत्रकारही साताऱ्यात येऊन गेले. 2010 पर्यंत दोन हजारांहून जास्त जोडप्यांनी नाव नोंदवलं. तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात ही संख्या लहान आहे, आणि नाव नोंदवणाऱ्यांपैकी कितीजण पैसे नसते तरी थांबलेच असते हे अशा योजनेतून कधीच उमगत नाही. तरी योजना वाया गेली असं मी म्हणणार नाही. तिच्यात मोलाचा भाग होता तो घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेचा. लग्न होऊन वर्ष झालं की "काय गं, काही बातमी?" हा प्रश्न सासू, चुलत सासू, शेजारीण असा सगळीकडून येतो. वीस वर्षांच्या सुनेकडं त्याला उत्तर नसतं. आरोग्यसेविका उंबऱ्यात येऊन गोळ्या, तांबी, निरोध यांची माहिती देऊ लागली, नवऱ्यालाही समोर बसवू लागली, तेव्हा त्या पोरीला पहिल्यांदा बोलायला तोंड मिळालं. "सरकारी योजनेत नाव घातलंय" ही घरच्यांना सांगण्यासारखी सबब झाली. पाच हजारांचा उपयोग एवढाच, आणि तो कमी नाही. पण थांबायची इच्छा तिच्या मनात आधीपासून होती. रकमेनं ती निर्माण केली नाही, तिला आडोसा दिला.

हीच गोष्ट नगर जिल्ह्यात जामखेडला त्याच्या किती तरी आधी दिसून आली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथं गेले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. लस, स्वच्छ पाणी, जुलाबावर घरचं मीठ-साखर-पाणी, गरोदरपणाची तपासणी. लेकरं मरायची थांबली, आणि पाठोपाठ जन्मही कमी झाले. सहा झाली तर तीन जगतील या भीतीनं सहा होऊ देणारी बाई, तिन्ही जगणार याची खात्री पटल्यावर तिसऱ्यानंतर थांबली. यात तिला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. महाराष्ट्राच्या उतरत्या जन्मदराचं खरं कारण इथं आहे : लेकरू जगण्याची खात्री, मुलीचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय आणि हाताशी असलेलं गर्भनिरोधक. पाचव्या पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जिथं हा आकडा मोठा आहे तिथं अजून काम बाकी आहे, आणि ते काम रोख रकमेनं होणारं नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा पाहू, कारण तो टाळून वाद जिंकण्यात अर्थ नाही. 2005 मध्ये केंद्रानं 'जननी सुरक्षा' आणली. मागास राज्यांत, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण बाईला 1400 रुपये, कितवंही बाळंतपण असो. अरिंदम नंदी आणि रामनन लक्ष्मीनारायण या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये मांडलं की, त्या राज्यांत या पैशांमुळं गर्भधारणेची शक्यता काहीशी वाढली असावी. मी हा निष्कर्ष झटकून टाकत नाही. हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या घरात बाळंतपणाच्या खर्चाची भीती कमी झाली, तर येणारं मूल थोडं लवकर येऊ शकतं. पण त्याच राज्यांत पुढं काय झालं? उत्तर प्रदेशात 2005-06 मध्ये बाईमागं 3.8 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.4. बिहारमध्ये 4.0 ची 3.0 झाली. पैसे मिळत होते आणि मुलं कमी होत होती. ती रक्कम मूल केव्हा व्हावं हे थोडंफार हलवू शकते. एकूण किती व्हावीत, याला तिच्याहून खूप मोठी कारणं आहेत.

इथून दुसऱ्या मताकडं वळतो, कारण आज त्याला जोर चढतो आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला सरसंघचालक मोहन भागवत यांनी किमान तीन मुलांचा आग्रह धरला. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जास्त मुलांचं आवाहन करत आहेत, आणि तिथं दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांत घातलेली बंदी 2024 मध्ये उठवण्यात आली. 2025 मध्ये विजयनगरमच्या खासदारांनी तिसरी मुलगी झाली तर 50 हजार रुपये आणि मुलगा झाला तर गाय देण्याची घोषणा केली. वीस वर्षांपूर्वी न होणाऱ्या मुलासाठी पैसे, आज होणाऱ्या मुलासाठी पैसे. बाईचं पोट दोन्ही वेळा सरकारच्या हिशेबातलं एक खातं होतं.

हे करून पाहिलेल्यांचं काय झालं? पोलंडनं 2016 मध्ये मुलामागं दरमहा 500 झ्लॉटी सुरू केले. बाईमागं मुलं 2015 मधल्या 1.29 वरून 2017 मध्ये 1.45 वर गेली, आणि नंतर पैसे चालू असतानाच 1.2 च्याही खाली आली. हंगेरीनं 2020 पासून चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ केला. तिथंही दर काही वर्षं चढला आणि पुन्हा उतरला. दक्षिण कोरियानं दीड-दोन दशकं अफाट पैसा ओतला. 2023 मध्ये तिथं बाईमागं 0.72 मुलं होती, जगात सगळ्यात कमी. कॅनडातल्या क्युबेक प्रांताचा दाखला मात्र वेगळा आहे. 1988 मध्ये त्यांनी जन्मभत्ता सुरू केला, पुढं तिसऱ्या मुलाला 8 हजार डॉलरपर्यंत नेला, आणि जन्म खरंच वाढले. तरी 1997 मध्ये क्युबेकनंच तो बंद केला आणि तो पैसा दिवसाला पाच डॉलरच्या पाळणाघरांकडं वळवला. जिथं पैशांचा परिणाम सगळ्यात ठळक दिसला, त्या सरकारनंही शेवटी ठरवलं की जन्मापेक्षा जन्मानंतरच्या वर्षांवर खर्च करावा. तिसऱ्या लेकराला बक्षीस मागणाऱ्यांनी क्युबेकची फक्त पहिली दहा वर्षं सांगू नयेत.

आणि खटाव तालुक्यातल्या जोडप्याला एका-दोघांवर का थांबावं वाटतं, हे त्यांना विचारलं तरी कळतं. येरळेला पाणी किती दिवस राहील याची शाश्वती नाही. जमिनीचे तुकडे भावाभावांत वाटून गुंठ्यांवर आले. पोराला इंग्रजी शाळेत घालायचं तर गाडीभाडं आणि फी, पुढं अकॅडमी नाहीतर क्लास, साताऱ्याला किंवा पुण्याला खोली. शेतकरी मुलाचं लग्न जुळत नाही, म्हणून ज्याचं जुळलं तोही उशिरा संसाराला लागतो. बाई रानात राबते, घरी राबते, आणि लेकराला सांभाळायला सासू हयात नसेल तर त्याला बांधावर झोपवते. यातलं एकही कारण 50 हजारांच्या एका रकमेनं सुटत नाही. वस्तीवरची शाळा ओस पडली म्हणून गळा काढणाऱ्यांनी आपली स्वतःची मुलं कुठल्या शाळेत घातली ते आधी सांगावं. 2023 मध्ये शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं ठरवलं, तेव्हा रडायचं होतं. शाळा दूर गेली की पहिली घरी बसते ती मुलगी, आणि शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न लवकर लावलं जातं.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारा मुद्दा. मुलांच्या संख्येवर पैसा थोडाफार तरी परिणाम करतो. मुलगा हवा या हव्यासापुढं तो पूर्ण हरतो. हे आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांइतकं कुणाला ठाऊक असावं? 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेनं एक समारंभ केला. 285 मुलींची नावं बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव नकुशी किंवा नकुसा होतं. आई-बापांनी ठेवलेलं, शाळेच्या हजेरीपटावर रोज पुकारलं जाणारं. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं साताऱ्यात 895 मुली होत्या, शेजारच्या सांगलीत 867. 2017 मध्ये सांगलीतल्याच म्हैसाळचं प्रकरण उघडकीला आलं, ओढ्याकाठी पुरलेले भ्रूण सापडले. रोख रकमेच्या योजनांनी हे थांबणार होतं का?

हरियाणानं ते पैशांनी थांबवायचा प्रयत्न केला. 2002 च्या 'देवीरूपक' योजनेत एका मुलीवर थांबणाऱ्या जोडप्याला एका मुलावर थांबणाऱ्यापेक्षा जास्त रक्कम, तीही दरमहा वीस वर्षं. एस. अनुकृती यांच्या अभ्यासात जे निघालं ते प्रत्येक धोरणकर्त्यानं वाचावं : एकूण मुलं थोडी कमी झाली, पण कमी झाल्या त्या प्रामुख्यानं मुली. लोकांनी कमी रक्कम पत्करली आणि एकच मुलगा ठेवला. लहान कुटुंबाची अट आणि मुलाची हाव एकत्र आली की बळी मुलीचा जातो. आपल्या 'लेक लाडकी'त मुलीचं कौतुक आणि शस्त्रक्रियेची अट एकाच अर्जात घातली आहे. याचा धोका ओळखायला हवा. साताऱ्यात मुली वाचल्या असतील तर त्या वर्षा देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळं. त्यांच्या दलित महिला विकास मंडळानं सोनोग्राफी केंद्रांवर बनावट गिऱ्हाईक पाठवून डॉक्टरांना पकडलं, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली न्यायालयात उभं केलं. त्यासाठी 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला. कायद्याचा धाक आणि मुलीच्या नावावर जमीन, हेच त्या हव्यासावरचे उपाय आहेत.

मग सरकारनं मुलांसाठी पैसेच देऊ नयेत का? द्यावेत. आजच्यापेक्षा कितीतरी जास्त द्यावेत. पण कशासाठी, ते स्पष्ट असावं. पैसा मूल जन्माला घालत नाही. जन्मलेल्या लेकराला मात्र तो जगवतो. सहाव्या महिन्यात बाई खुरपणीला जाणार की घरी विश्रांती घेणार, तिला दूध-अंडी मिळणार की नाही, लेकराचं वजन अडीच किलो भरणार की दोन, हे पाच हजारांनी ठरू शकतं. 'मातृवंदना'चा पैसा तिच्या खात्यात वेळेवर आला तर.

आणि इथंच अटी आडव्या येतात. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं, सरकारी नोकरीतल्या वगळता, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा आईला किमान 6 हजार रुपयांचा हक्क दिला. अशा प्रत्येक आईला. त्यात पहिलं-दुसरं, मुलगा-मुलगी असा भेद संसदेनं केलेला नाही. चार वर्षांनी आलेल्या 'मातृवंदना' योजनेनं तो हक्क पहिल्या बाळंतपणापुरता कापला. दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झालेल्या बाईला काही नाही. तिसऱ्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला काही नाही, आणि ती बहुतेकदा सगळ्यात गरीब असते : माण-जतहून कारखान्यावर ऊस तोडायला आलेली, कोपीत बाळंत झालेली, कागदपत्रं गावाकडं राहिलेली. मुलगा होईपर्यंत तिसरं-चौथं होऊ द्यायचं हे सासरनं ठरवलेलं असतं. शिक्षा मात्र तिला आणि त्या तान्ह्याला. पोटातल्या बाळानं आपला क्रमांक निवडलेला नसतो. त्याला उपाशी ठेवून त्याच्या पुढच्याचा जन्म थांबतो, याचा एकही पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. मातृत्वाचे 6 हजार कायद्यात लिहिल्याप्रमाणे प्रत्येक बाळंतपणाला द्या, आणि महागाईप्रमाणे वाढवा. ऊसतोड बाईला ते ती जिथं असेल तिथं, कारखान्याच्या गावी मिळू द्या. 'लेक लाडकी'तली शस्त्रक्रियेची अट काढा आणि अठराव्या वर्षासाठी राखलेल्या 75 हजारांतला मोठा वाटा पहिल्या सहा वर्षांत द्या, कारण मेंदूची बरीचशी वाढ तेव्हाच होते. अंगणवाडी दिवसभर चालवा, तिथं पाळणाघर करा, सेविकेला आणि मदतनीसाला मानधनाऐवजी पगार द्या. गावातली शाळा बंद करू नका. नवविवाहितांच्या घरी आरोग्यसेविका जाऊ द्या, बक्षीस असो वा नसो.

आणि पारावर बसून गरिबाच्या लेकरांची संख्या मोजणाऱ्यांनी, मग ती कमी करण्यासाठी असो की वाढवण्यासाठी, एक गोष्ट मान्य करावी. किती मुलं हवीत हे ठरवायचा हक्क ती पोटात वाढवणाऱ्या बाईचा आहे. सरकारचं काम त्या निर्णयाची किंमत लावणं हे नाही. जे लेकरू आलं, ते कितवंही असो, मुलगा असो की मुलगी, त्याच्या ताटात आणि दप्तरात काय पडतं ते पाहणं हे सरकारचं काम आहे. त्या कामात सरकार कमी पडत असताना आपण चार रुपयांचा हिशेब गरिबाच्या तोंडावर फेकतो, हा अन्याय आहे, आणि तो थांबला पाहिजे.